सुईमावशीचं वाण

माझ्या मावशीच्या उजव्या दंडावर हिरव्या अक्षरांत गोंदलेलं होतं : सुई टोचू नये. बाकीच्या बायकांच्या अंगावर तुळस असते, नवऱ्याचं नाव असतं, हौशी बाई असली तर एखादा मोर. मावशीच्या अंगावर सूचना होती, आणि तीही एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवतात तेवढी ठळक. ही सूचना लिहून घ्यायला तिनं अर्थातच सुई टोचून घेतली होती. जत्रेत बॅटरीच्या मशीनवर गोंदणारा माणूस 'सुई टोचू' इथपर्यंत आला आणि रक्त थांबेना. तो बिचारा घाबरून मशीन गुंडाळायला लागला, तर मावशीनं त्याची बाही धरली. "आर्धं कामून सोडतो? 'नये' राह्यलं तर लोक काय वाचतील? सुई टोचू? टोच म्हणतील आन् टोचून मोकळे होतील!" त्यानं घाईघाईनं 'नये' पुरं केलं. ती दोनच अक्षरं जरा वाकडी आली होती.

त्या दिवशी ती आपल्या गावाहून, टेंभुर्णीहून, एसटीनं थेट जालन्याला आली, दंडाला पदर गच्च बांधून. पदर लाल झाला होता. तिच्या हृदयाची औषधं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू असताना माणूस गोंदून घेतो का, काही अक्कल आहे की नाही, असं त्या बराच वेळ बोलत होत्या. मावशीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, सोनंनाणं इथंच राह्यतं. गोंदण तेवढं संगं येतं. आता वरी गेले तरी मला कोणी टोचणार न्हाई." डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, पण पट्टी बांधता बांधता त्यांनी तिच्याकडून शपथ घेतली की हा सल्ला ती दुसऱ्या कुणालाही देणार नाही.

मावशीच्या हृदयात धातूची झडप होती. लहानपणी सांधे धरून ताप आला, तो गेला म्हणून सगळे निवांत झाले, आणि त्या तापानं आतल्या आत झडप खराब करून ठेवली हे कळायला तिची चाळिशी उजाडावी लागली. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं. धातूच्या झडपेवर रक्ताची गाठ बसू नये म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी आयुष्यभर, आणि ते फार पातळ होऊ नये म्हणून दर महिन्याला रक्ताची तपासणी. गोळी कमी पडली तर गाठ, जास्त झाली तर रक्तस्राव, आणि माणसानं या दोन्हींच्या मधून चालायचं. खोलीत अगदी शांतता असली तर तिच्या झडपेची टिकटिक ऐकू यायची. पण मावशी असलेल्या खोलीत शांतता म्हणजे काय, ते मी क्वचितच पाहिलं.

कारण तिला बसता यायचं नाही. मी नवीन जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीच्या ऑफिसात नोकरीला आहे, घर स्टेशनपासून जवळच. तपासणीच्या दिवशी सकाळी रक्त देऊन मावशी माझ्याकडे यायची आणि रिपोर्ट येईपर्यंत घरभर फिरायची. चहा उभ्यानं, पोहे उभ्यानं. माझ्या डाळी-साळीच्या डब्यांची जागा बदलायची, मिक्सरचं भांडं उघडून हुंगायची, गॅलरीत जाऊन रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला गाडी बाजूला घ्यायला सांगायची. माझी आई म्हणजे तिची धाकटी बहीण, हसनाबादला दिलेली. ती आली असेल तर कंटाळून म्हणायची, "अक्का, बस जरा." त्यावर मावशीचं उत्तर ठरलेलं : "आत झडप चालू हाय, मी कशी बसू?" मला त्या फिरण्यानं चक्कर यायची आणि मी चिडायचे. तिच्या मागं मागं डबे पुन्हा जागेवर ठेवत मीही घरभर फिरायचे, ते माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

रिपोर्टातल्या आकड्याला ती नुसतं 'आकडा' म्हणायची. परतीच्या एसटीत चढतानाच कंडक्टरला सांगायची, "आज माझा आकडा बराबर आला!" नवा कंडक्टर असला की तो तिच्याकडे संशयानं बघायचा, आणि मागच्या सीटवरचा एखादा माणूस पुढं वाकून हळूच विचारायचा, कोणता. मग टेंभुर्णी येईपर्यंत सगळ्या गाडीला झडप, गोळी आणि गाठ यांची माहिती व्हायची.

तिचं आणि सुईचं वैर कसं जुळलं तेही सांगते. ऑपरेशन होऊन वर्षही झालं नसेल. कापूस वेचायला जाऊन कंबर धरली, आणि सगळे जातात तशी ती गावातल्या एका डॉक्टराकडे गेली. आपल्याकडे दवाखान्यात जाऊन सुई न घेता आलं तर गेल्यासारखंच वाटत नाही. पेशंट आधी पदर खोचतो आणि मग दुखणं सांगतो. डॉक्टरनं विचारलं नाही, मावशीनं सांगितलं नाही. तिच्या मते कंबर वेगळी आणि झडप वेगळी. संध्याकाळपर्यंत कमरेपासून मांडीपर्यंत सगळं जांभळासारखं काळं पडलं, पाय उचलेना. मांसात सुई टोचली तिथून आतल्या आत रक्त वाहत राहिलं होतं. जालन्याला आणून रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या तेव्हा ती वाचली.

दवाखान्यातून घरी आली ती बदलूनच. तिला स्वतःच्या मरणाची भीती बसली असं मला वाटत नाही. राग बसला, आणि तो डॉक्टरपेक्षा स्वतःवर जास्त. "मला म्हाईत होतं गं," ती म्हणायची. "सुई टोचू नये हे मला बाईनं सांगितल्तं. पर डॉक्टर सुई भरून उभा राह्यला तर त्याला न्हाई कसं म्हणायचं? मनात म्हणले न्हाई, आन् पदर खोचला." इथून तिचा एक सिद्धांत तयार झाला आणि तो ती भेटेल त्याला ऐकवायची. आपल्या बायकांना नाही म्हणता येत नाही. सासूला, नवऱ्याला, डॉक्टरला, वाढप्याला, कुणालाच. "तोंडानं निघत न्हाई तर लिहून ठिवावं. लिहिलेलं भीत न्हाई." उदाहरण म्हणून ती माझ्या आईकडं बोट दाखवायची, आणि आई त्यालाही नाही म्हणायची नाही.

माझी आई म्हणजे खरोखर कमाल होती. पोट भरलेलं असलं तरी कुणी वाढलं की ती खायची. दारावर आलेल्या माणसाकडून नको असलेली चादर घ्यायची. मावशी तिच्याकडे बघून म्हणायची, "शांते, तुला ही गोळी चालू झाली ना, तर तू आठ दिवस टिकायची न्हाई." आई हसून "व्हय" म्हणायची.

सुईइतकंच मावशीचं लक्ष पालेभाजीवर होतं. थंडीत आमच्याकडे हरभऱ्याचा कोवळा पाला निघतो आणि लोक दोन्ही वेळा तोच खातात, भाजी करून आणि कच्चाच तिखट-मीठ-तेल कालवून घोळाणा करूनही. उन्हाळ्यात पुन्हा हिरवं पान दिसत नाही, नुसतं पिठलं आणि डाळ. पाला जास्त खाल्ला की गोळीचा असर कमी होतो, एकदम बंद केला की वाढतो. डॉक्टरीणबाईंनी तिला सांगितलं होतं, सोडू नका, रोज सारखीच खा. मावशीनं ते शब्दशः घेतलं. थंडीत पाला वाळवून पिशव्या भरून ठेवायची आणि वैशाखात ताटात मूठभर वाळली भाजी असायचीच. कुणी पाहुणचार म्हणून जास्त वाढायला आलं की ताटावर आडवा हात. "बंद बी न्हाई, बख्खळ बी न्हाई. बराबर." तपासणीच्या रांगेत बसलेल्या नव्या बायकांना ती वाळल्या पाल्याच्या पुड्या द्यायची. बायका आधी घाबरायच्या, मग घ्यायच्या.

ती रांग हेच पुढच्या सगळ्या प्रकरणाचं मूळ. जाफराबाद, भोकरदन, कुठून कुठून बायका यायच्या. कुणाची झडप, कुणाच्या पायात गाठ, कुणाला अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. सगळ्यांना तीच गोळी आणि सगळ्यांच्या गावात सुई भरून बसलेला कुणी ना कुणी. दवाखान्यातून मिळालेलं कार्ड घरी पेटीत, बाई शेतात. मावशीला चैन पडेना. गोंदायला सांगायचं नाही अशी शपथ घेतलेली. एक दिवस ती माझ्या घरात फिरता फिरता एकदम थांबली. तिच्या हातात माझ्या लग्नातला पेला होता आणि ती त्यावरचं नाव वाचत होती. 'चि. सौ. कां. रंजना हिस सप्रेम भेट, मावशी.'

भांड्यावर नाव टाकण्याची आपली पद्धत. दुकानदार भांडं विकतो आणि तिथंच छोट्या मशीननं टर्रर्र करत नाव कोरून देतो. मावशीनं स्टीलच्या कड्या घेतल्या, बायका हातात घालतात तसल्या, आणि त्या माणसाकडून प्रत्येकीवर कोरून घेतलं : रक्त पातळ गोळी चालू. सुई टोचू नये. मी म्हणाले, "मावशी, 'मांसात' टोचू नये असं तरी लिही. शिरेतून तर चालते." ती म्हणाली, "जागा कुठंय तेवढी?" डॉक्टरीणबाईंना कल्पना फार आवडली. फक्त गोळी चालू असलेल्यांनाच द्या, असं त्यांनी बजावून सांगितलं. मावशी "बिलकुल" म्हणाली आणि तसाच तिचा विचारही होता.

पण द्यायचं कसं? रांगेतल्या बायका फुकटची वस्तू घेईनात, विकत घ्यायला सासरी विचारावं लागे. तेव्हा मावशीच्या डोक्यात आलं की वाण म्हणून दिलं तर कोण नाही म्हणेल! संक्रांतीचं हळदीकुंकू ठेवलं. रांगेतल्या बायकांना टेंभुर्णीला आवतण गेलं, त्यात कपाळ मोकळं असलेल्याही होत्या, आणि त्यांनाही तिनं पाटावर बसवलं. गावातल्या बायका तर येणारच होत्या. आईला हसनाबादहून बोलावलं, मीही गेले. गावातल्या बायकांसाठी साधी कडी, गोळीवाल्यांसाठी कोरलेली, अशी दोन ताटं मांडली होती.

आता मला सांगा, एका ताटात साधी कडी आणि शेजारच्या ताटात नक्षीची कडी ठेवली तर बाई कुठली उचलेल? चष्मा घरी ठेवून नटून आलेल्या बायकांना ती अक्षरं नक्षीच वाटली. ज्यांना वाचता आलं त्यांना तर आणखी भारी वाटलं, लिहिलेली वस्तू म्हणून. "मला कामून साधी? मी काय सावत्र हाय का?" असं एकीनं म्हटलं आणि मावशी अडकली. दारी हळदीकुंकवाला आलेल्या बाईला नको ते वाण देऊन कसं पाठवणार? जगाला नाही म्हणायला शिकवणारी माझी मावशी त्या दुपारी एकीलाही नाही म्हणू शकली नाही. कोरलेल्या जास्तीच्या घेऊन ठेवल्या होत्या, त्याही संपल्या. माझ्या आईच्या हातातही तिनंच एक चढवली, आणि तेव्हा आईला साधा रक्तदाबाचाही त्रास नव्हता.

चार दिवस सगळं छान वाटलं. मग मावशीच्या गल्लीतल्या सुमनला कुत्रं चावलं. सुमनला सुईची एवढी धास्ती की तिनं बाळंतपणातही दवाखाना डोक्यावर घेतला होता. नवऱ्यानं गाडी काढली, तर तिनं हात पुढं केला. "हे वाचा. मला सुई चालत न्हाई. पक्कं कोरून दिलंय." नवऱ्यानं वाचलं, आणि स्टीलवर कोरलेलं खोटं कसं असेल म्हणून गाडी परत आत लावली. जखमेवर तिखट दाबलं, वरून चिंधी बांधली. मावशीला हे कळलं तोवर मध्ये काही दिवस गेले होते आणि सुमन ओसरीवर बसून मजेत शेंगा फोडत होती.

मावशीचा चेहरा तेव्हा कसा झाला असेल ते मला कल्पनेनंच कळतं. तिनं सुमनच्या हातातली कडी ओढून काढली, तिला तशीच उठवली आणि गाडीत बसवून दवाखान्यात नेलं. जखम धुतली गेली, सुया सुरू झाल्या. कुत्रं पुढं कितीतरी दिवस गल्लीत जिवंत हिंडताना दिसलं, सुमनला काही झालं नाही. पण ते दिवस मावशीनं कसे काढले! रोज सकाळी सुमनच्या घरी जाऊन तिला पाणी प्यायला लावायची आणि घोट नीट उतरतो का ते बघायची. मग कुत्र्याला भाकरी टाकून ते खातं का ते बघायची. मग मला फोन. "रंजे, पेली. कुत्रं बी खाऊन राह्यलं." मी ऑफिसात असायचे, समोर शेतकरी बियाण्याची चौकशी करत उभे, आणि मी फोनवर विचारायचे, "नीट प्याली ना?"

त्यानंतर तिनं ते केलं जे आमच्या सात गावांत कुणी केलं नसेल. दिलेलं वाण परत मागायला निघाली. दिलेलं वाण परत मागणं म्हणजे काय, हे बायकांना सांगायला नको. दारं आपटली, बोलणी बसली. एकीच्या सासूनं विचारलं, "आमच्या सुनेचं सौभाग्य परत नेता का?" मावशीनं प्रत्येकीसाठी स्टीलची वाटी नेली होती. आधी हळदीकुंकू लावायची, वाटी द्यायची आणि मग कडी मागायची. "ही कडी घालून तू उद्या पडली, आन् तुला सुईची गरज लागली, तर कोण टोचंल? माझ्यामुळं मरू नको माय." काहींनी रागानं फेकून दिल्या, काहींनी रडत काढून दिल्या. परत आलेल्या सगळ्या कड्या त्या भांडेवाल्याकडून घासून तिनं अक्षरं पुसून घेतली.

एक मिळाली नाही. गोळीवाल्या बायकांच्या त्यांच्याकडेच राहू दिल्या होत्या, बाकीच्या आल्या, आणि एकीचा हिशोब लागेना. मावशीनं गाव पुन्हा पालथं घातलं. कुणी विहिरीत पडली म्हणालं, कुणी माहेरी राहिली म्हणालं. आईला तिनं विचारलं होतं. आई म्हणाली, "व्हय अक्का, देते." आई कुणालाही व्हयच म्हणते, त्यामुळे तिची मिळाल्यातच जमा धरून मावशी पुढच्या घरी गेली, आणि घेतली की नाही हे नंतर तिच्या ध्यानात राहिलं नाही. ती हरवलेली कडी मावशीच्या मानेवर बसली. एसटीत, बाजारात, लग्नात ती बायकांच्या मनगटांकडे बघत राहायची. कुणी मेल्याचं कळलं की आधी विचारायची, हातात काय होतं? "कुणाच्या तरी हातात माझं खोटं लिहिलेलं हाय," ती मला म्हणाली. "ते तिला कधी बी मारील." आता कुणाच्या हातात काही घालायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं. रांगेतल्या नव्या बायकांना ती कार्ड पदराच्या गाठीत बांधायला सांगायची, पण पूर्वीसारखं मोठ्यानं नाही.

मग काही वर्षांनी आईचा पाय सुजला. पोटरीत रक्ताची गाठ निघाली आणि तीच गोळी, तीच तपासणी, तीच रांग आईच्या वाट्याला आली. मावशीच्या पायांतला उरलासुरला थांबाही गेला. रोज सकाळी हसनाबादला फोन. "शांते, गोळी घेतली? कोणाची सुई घेतली न्हाई ना? गुडघ्याची गोळी कोणी दिली तर घेऊ नको, रक्त वाहतं तिनं. भाजी किती खाल्ली?" आई सगळ्याला व्हय म्हणायची, आणि तेच तर आम्हाला खात होतं. आईचं व्हय म्हणजे काहीच नाही हे आम्हा दोघींना माहीत होतं. ऑफिसात फोन वाजला की मी समोरच्याचं बोलणं अर्धवट सोडून तो उचलायचे. मावशीला मी एकदा म्हणालेही, एक कडी कोरून आण ना आईसाठी. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझा हात चांगला न्हाई त्यात."

आई पडली ती पावसाळ्याच्या शेवटी, मोरीत पाय घसरून. घरी शेजारणी होत्या. त्यांनी तिला उचललं आणि बाजारातल्या एका डॉक्टराकडे नेलं. आई कण्हत होती. डॉक्टरनं दुखणं थांबायची सुई भरली. शेजारणींनी तिला कुशीवर वळवलं, पातळ सैल केलं, आणि आई काही बोलली नाही. कार्ड घरी पेटीत होतं. हे सगळं मला नंतर शेजारणींनीच सांगितलं, आणि आजही ऐकताना मी उठून उभी राहते.

टोचण्याआधी डॉक्टरनं नाडी बघायला तिचा हात धरला. पडताना काचेच्या बांगड्या फुटल्या होत्या आणि त्यांच्या मागं दडवलेली एक स्टीलची कडी तेवढी मनगटावर राहिली होती. तिच्यावर काहीतरी कोरलेलं दिसलं म्हणून त्यानं चष्मा खाली ओढला. वाचलं. सुई ट्रेमध्ये ठेवली आणि विचारलं, "आजी, ही गोळी चालू हाय तुम्हाला?" आईनं मान हलवली. त्यानं मांडी बघितली, ती आधीच तटतटून आली होती. सुई न देता त्यानं स्वतः गाडी बोलावून तिला जालन्याला पाठवलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पडल्यामुळं आत रक्त साचलंच आहे, त्यात वरून ती सुई बसली असती तर कठीण होतं. मी खाटेजवळ उभी होते, बसवत नव्हतं. तेवढ्यात मावशी आली. टेंभुर्णीहून मिळेल त्या गाडीनं, अर्ध्या वाटेत कुणाच्या तरी दुधाच्या गाडीतून. वॉर्डात शिरली ती बोलतच. "कोण व्हता तो? टोचली का? कुठं टोचली? दाखव." आईचं पांघरूण काढलं, मांडी बघितली, सलाईन बघितली, नर्सला दोन प्रश्न विचारले, परत आली आणि आईचा हात हातात घेतला.

तिनं कडी मनगटावर गोल फिरवली. एकदा वाचली, पुन्हा फिरवून वाचली. "ही तुझ्याकडं व्हती?"

"व्हय."

"मी गावभर हिंडले, शांते. लोकांच्या शिव्या खाल्ल्या. इतके वर्षं हिच्यापायी डोळ्याला डोळा न्हाई माझ्या. मागितली तव्हा देते म्हणली ना?"

"म्हणले." आईचा आवाज अगदी बारीक होता. "पर माझ्या मनात न्हाई होतं. भैनीचं वाण मी परत देत न्हाई. पेटीत ठिवल्ती. गोळी सुरू झाली तव्हा घातली." मावशीचं बोट अजून कडीत अडकलेलं होतं. आईनं हात अलगद ओढून छातीशी घेतला. "आता बी मागू नको, अक्का. न्हाई देणार."

माझ्या उभ्या आयुष्यात मी आईच्या तोंडून 'न्हाई' ऐकलं ते त्या दिवशी. मावशी तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता ती ओरडेल. ती खाटेच्या कडेला टेकली. मग नीट सरकून, पाय वर घेऊन, आईच्या पायाशी मांडी घालून बसली. वॉर्डात दुपारची सामसूम होती. थोड्या वेळानं मला तिच्या छातीतली टिकटिक ऐकू आली. आईही तीच ऐकत असावी, कारण तिनं डोळे मिटले होते. मी चहा आणला तेव्हाही मावशी तशीच बसलेली होती. चहा तिनं बसून प्याला.

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेली. गोळी चुकली नव्हती, सुई टोचली नव्हती, शेवटचा आकडाही बराबर होता. हृदयच थकलं होतं, झडप नवी होती तरी. शेवटचं न्हाऊ घालताना बायकांनी रिवाजाप्रमाणं अंगावरचं सगळं काढलं, जोडवी, मणी, कानातली फुलं. दंडावर आल्यावर त्यांचे हात थांबले. आई पुढं झाली आणि ओल्या फडक्यानं ती हिरवी अक्षरं हळूहळू पुसून स्वच्छ केली, वाकड्या 'नये'सकट.

आता आईला रोज सकाळी मी फोन करते. गोळी घेतली का, कुणाची सुई घेतली नाही ना, भाजी किती खाल्ली. ती काही वेळा व्हय म्हणते, काही वेळा न्हाई म्हणते, आणि न्हाई म्हणाली की मला जरा बरं वाटतं. बोलता बोलता मी घरभर फिरत असते. तिकडून आई म्हणते, "रंजे, बस जरा."